हलकी चाकं

आमच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नसे. वाढली म्हणायचं. दिवसाकाठी दहा-वीस बांगड्या वाढायच्याच, कधी हातात चढवताना, कधी दोरीतून निसटून, आणि दर वेळी कुणीतरी ‘वाढली, वाढली’ असं पुटपुटत काच गोळा करायचं. बीडच्या पेठेत रस्त्याच्या अंगाला दुकान, मागं दोन खोल्या आणि एक न्हाणी, एवढा आम्हा कासारांचा संसार. सकाळी जाग यायची ती दादांच्या हातातल्या किणकिणाटानं. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण रंग दिसला नाही तरी नुसत्या आवाजावरून ते काचेचा कस सांगायचे. आत चुलीपुढं माय भाकऱ्या थापत असायची. तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज वेगळा, दादांच्या दोऱ्यांचा वेगळा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला दोन्ही ओळखू यायचे. आता सत्तरीला टेकल्यावर मला कमी ऐकू येतं. कानाला यंत्र लावा म्हणून मुलगा मागं लागलाय. मी लावत नाही. मला जे ऐकू येतं ते यंत्राशिवायच येतं, आणि नको तेव्हा येतं.

धंद्याची खरी जाण मायला होती. हात बघितला की माप सांगायची. कासाराच्या मापात अडीच म्हणजे भरलेला हात, सव्वादोन म्हणजे बारीक, आणि या दोहोंच्या मधला तो दोन-सहा. दुकानासमोरून डोक्यावर पाटी घेऊन एखादी बाई गेली की माय भाकरी उलथता उलथता म्हणायची, ‘‘ही अडीच होती गेल्या संक्रांतीला. आता दोन-सहावर आलीय. सासरी काहीतरी बिनसलंय हिचं.’’ आणि चार दिवसांत तसंच काहीतरी कानावर यायचं. मी चिडवायचो, ‘‘माय, तू बांगड्या विकतीस का पंचांग बघतीस?’’ ती म्हणायची, ‘‘तोंडावर बाई हसती रं. मनगट खोटं बोलत न्हाई.’’ तिचा स्वतःचा हात अडीचचा. गोरा, गुबगुबीत, चुन्यानं कायम पांढरी पडलेली तर्जनी. पानाशिवाय तिचं पान हलत नसे, आणि चुन्याची पितळी डबी कनवटीला असायचीच.

दर आठवड्याला चौसाळ्याच्या बाजारात माल घेऊन मायच जायची. आधी एसटीनं जायची, पण कंडक्टर पेटीवरून भांडायचा आणि निम्मा माल धक्क्यांनीच वाढायचा. मग दादांनी एक जुनी स्कूटर घेतली, राखाडी रंगाची, लोखंडी अंगाची. दादांना दिसत नव्हतं, तेव्हा चालवायचो मी. नुकतीच अठरा पुरी झाली होती आणि मी स्वतःला लई मोठा उस्ताद समजत होतो. बांगड्यांची पत्र्याची पेटी पुढं माझ्या पायांशी, माय मागं एका अंगानं बसलेली, तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर. रस्ता खडबडीत असला की माझ्या कानाशी तिच्या बांगड्या वाजत राहायच्या. बीड सोडलं की थोड्या वेळानं मांजरसुंब्याचा घाट लागतो. आज त्या रस्त्याची रुंदी बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा तो अरुंद होता, कडेला दगडी कठडा होता, आणि आमची स्कूटर तिथं हमखास माती खायची. दुसऱ्या वळणानंतर दुसरा गिअर ओढेना झाला की पहिला टाकावा लागायचा. पहिल्यावर इंजिन इतकं तापायचं की पिस्टन अडकायची भीती. म्हणून आमच्या मेकॅनिकनं, शब्बीरचाचांनी, नियमच घालून दिला होता: पहिल्या गिअरवर यायची वेळ आली की भाभींना उतरवायचं. मग माय उतरायची, पदर खोचायची आणि चालत घाट चढायची. मी पेटी घेऊन वर जाऊन थांबायचो.

उतरताना ती एक गंमत करायची. कनवटीची डबी काढायची, बोटावर चुना घ्यायची आणि कठड्याच्या ज्या दगडाशी गाडी थकली त्यावर एक उभी रेघ ओढायची. ‘‘आज हितवर आलो,’’ म्हणायची. रेघ जवळपास एकाच ठिकाणी पडायची, एखादा दगड पुढं, एखादा मागं. मी वर थांबून खाली बघत राहायचो. एसटी तिच्या अंगावर धूळ उडवून जायची, खिडकीतली माणसं वळून बघायची, आणि ती भरदार बाई उन्हात एक-एक पाऊल टाकत वर यायची. मला फार लाज वाटायची. तिची नव्हे, माझी. आईला घाटात उतरवून स्वतः गाडीवर बसून जाणारा पोरगा, हे चित्र मला झोपू द्यायचं नाही. मायला चालावं लागू नये, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती. दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

शब्बीरचाचांचं गॅरेज आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. उंच, किडकिडीत माणूस. बोलताना मान कलती ठेवायचे, जणू समोरच्याचंही इंजिन ऐकतायत. मी त्यांच्या मागं भुणभुण लावली होती. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, सायलेन्सर जाळून काजळी काढली, तरी रेघ काही वर सरकेना. मग दिवाळीच्या सुमाराला एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. भंगाराच्या ढिगात त्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा सापडल्या होत्या, कुठल्याशा परदेशी स्कूटरच्या. घासून, भोकं नव्यानं पाडून त्यांनी त्या आमच्या गाडीला बसतील अशा केल्या होत्या. ‘‘चाकाचं वजन गाडीला दोनदा उचलावं लागतंय, बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा वर न्यायला अन् एकदा गरगर फिरवायला. चाक हलकं कर, मग बग तुजी गाडी.’’ हे निम्मंच खरं होतं. वळणावर गाडी मंद झाली आणि पुन्हा उचलायची असली तर हलक्या चाकाचा फायदा होतो; एका संथ चढाला मात्र चाकातला किलो आणि पेटीतला किलो सारखाच. पण हे मला फार पुढं एका शिकलेल्या गिऱ्हाइकानं समजावलं. तेव्हा चाचांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

गॅरेजला लागून भुसाराचं दुकान होतं, तिथं पोती तोलायचा मोठा काटा. चाचांनी आधी लोखंडी चाकं टाकली, मग नवी. दोन्ही मिळून तीन किलोंचा फरक. तीन किलो! मी उडीच मारली. हमालांना चेव आला. ते म्हणाले, आता सगळंच तोला की. मला बसवलं, बावन्न. मालानं भरलेली पेटी, बावीस. तेवढ्यात माय मला जेवायला बोलवायला आली, तर तिलाही धरलं. ‘‘शब्बीरभाऊ, मी काय तुरीचं पोतं हाय का?’’ ती हसत हसत म्हणाली, पण बसली. अठ्ठावन्न. चाचांनी कोळशानं गॅरेजच्या लाकडी दारावर एकाखाली एक सगळं लिहून ठेवलं: चाकं, पोरगा, पेटी, भाभी. घरी आल्यावर मायनं दादांना सांगितलं, ‘‘अठ्ठावन्न भरले. तुमच्या घरात खाऊन खाऊन.’’ त्या दिवशी पिठलं होतं, लसणाचा ठेचा होता, आणि तिनं स्वतः तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला हे नीट आठवतं, कारण त्यानंतर तिला इतकं जेवताना मी बघितलं नाही.

पहिल्याच बाजाराला गाडी दुसऱ्या वळणाच्या पुढं गेली. सरळ पाच-सहा दगड पुढं. मी ओरडलो, ‘‘माय, चाकं! चाकांची कमाल!’’ तिनं उतरून रेघ ओढली. पुढच्या आठवड्यात रेघ आणखी वर. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. संक्रांतीपर्यंत आम्ही तिसऱ्या वळणाला भिडलो. येता-जाता मी कठड्यावरच्या त्या पांढऱ्या रेघा मोजायचो आणि छाती फुगवायचो. पेठेत जो भेटेल त्याला हलक्या चाकांचं शास्त्र सांगायचो. दोघा-तिघांनी तर चाचांकडं तशा रिमांची मागणीही केली. मायचं चालणं दर बाजारी कमी होत होतं. तरी एक होतं, थोडंसं चालूनही ती वर आली की कठड्यावर बसायची. ‘‘दम खाऊ दे जरा,’’ म्हणायची. बाजारात मी भजी आणली की एक उचलायची आणि बाकीची माझ्याकडं सरकवायची. दात दुखतोय. सकाळीच भाकर खाल्ली. उन्हानं इच्छा होत न्हाई. दर वेळी कारण नवं असायचं आणि मला भजी जास्त मिळायची.

होळीच्या आधी एका खड्ड्यात पुढची रिम चेमटली. चाचा म्हणाले, ठोकून देतो, दोन दिवस लागतील. तोवर जुनी लोखंडी चाकं चढव. बाजार दुसऱ्या दिवशी होता. निघताना मी मायला म्हटलं, ‘‘आज तुला पहिल्याच जागी उतरावं लागंल बरं का. जड चाकं हायत.’’ ती नुसती बसली. घाट लागला. दुसरं वळण आलं, मी कान देऊन होतो, इंजिन कधी गुदमरतं याची वाट बघत होतो. गुदमरलं नाही. तिसरं वळण गेलं. शेवटची रेघ मागं पडली. गाडी आपली दुसऱ्या गिअरवर, मोसंबीच्या टेम्पोच्या मागं मागं, थेट वर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मायला उतरावंच लागलं नाही. सपाटीवर येऊन मी गाडी थांबवली आणि आनंदानं हॉर्न वाजवला. ‘‘माय, उतर! पोचलो की!’’ ती मागून म्हणाली, ‘‘बसू दे जरा.’’ मी मागं वळून बघितलं. तिच्या बोटावर चुना तयार होता आणि रेघ ओढायला दगड नव्हता. तिनं ते बोट सीटला पुसलं.

संध्याकाळी मी नाचतच चाचांकडं गेलो. ‘‘चाचा, लोखंडी चाकांवर बी वर गेली! एका दमात! काय केलंत तुमी इंजिनाला?’’ चाचा चिंधीनं हात पुसत होते. त्यांनी विचारलं, ‘‘पेटी रिकामी होती का?’’ भरलेली होती. ‘‘भाभी उतरल्या न्हाईत?’’ नाही म्हटलं. त्यांनी मान कलती केली, आणि दारावरच्या कोळशाच्या अक्षरांकडं बघत राहिले. मग एकेका ओळीवर बोट ठेवत म्हणाले, ‘‘चाकं परत जड झाली. तू तेवढाच हायेस. पेटी तेवढीच. म्या इंजिनाला हात लावला न्हाई.’’ बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं. ‘‘मंग हलकं काय झालं, बेटा?’’

मला त्या क्षणी समजलं असं मी लोकांना सांगत आलोय. ते खरं नाही. मला समजायचं नव्हतं. मी म्हणालो, थंडीनं इंजिन चांगलं ओढत असेल. चाचा माझ्याशी वाद न घालता घरी आले. ‘‘भाभी, जरा चला माझ्यासंगं,’’ एवढंच म्हणाले. मायनं त्यांच्याकडं बघितलं, हात धुतले आणि निघाली. त्या माणसांत एरवी किती थट्टा चालायची! त्या दिवशी हमालानं नुसतं पारडं पुसून दिलं. काट्याच्या पारड्यात ती उकिडवी बसली, पदर गुडघ्यांभोवती घेऊन. एकेचाळीस. हमालानं काटा पुन्हा बघितला. एकेचाळीसच. सतरा किलोंची माझी आई माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती, आणि मी चाकांतल्या तीन किलोंचे पोवाडे गात होतो. चाकं एकदाच हलकी झाली होती. रेघा मात्र दर आठवड्याला वर सरकत होत्या. एवढा साधा हिशेब पहिलीतल्या पोराला जमला असता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, मग मला बाहेर नेऊन विचारलं, ‘‘वजन कधीपासून उतरतंय? काही अंदाज?’’ अंदाज कशाला, माझ्याकडं आठवड्या-आठवड्याचा पुरावा होता. कठड्यावर, चुन्यात, तिच्याच बोटानं लिहिलेला. मी म्हटलं, ‘‘दिवाळीपासून.’’ पोटातली गाठ बरीच वाढली होती. ते कुणाला दोष देत बोलले नाहीत. मला वाटतं, दिला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर एकदा, दुपारचं, दादा दुकानात असताना मी तिला विचारलं. ती पडून होती, उशाशी चुन्याची डबी, पण पान सुटलेलं. ‘‘माय, तुला कळलं न्हाई का? दुसऱ्या बायकांचं तर रस्त्यावरून कळतंय तुला.’’

‘‘मला कळायला काय आरसा लागतोय व्हय?’’

‘‘मंग बोलली कावून न्हाईस?’’

ती छताकडं बघत म्हणाली, ‘‘तू लई खुश होतास रं. दर बाजारी म्हणायचास, माय, आज आणखी वर आलो. म्या म्हणलं, ह्यो एक बाजार होऊ दे. पुढच्याला सांगू.’’

मी तिथून उठून न्हाणीत गेलो आणि बादलीत पाणी सोडलं, आवाज व्हावा म्हणून.

तो कठडा रस्ता रुंद करताना गेला. तोवर रेघा होत्या; पावसानं पुसट झाल्या, पण मला दिसायच्या. आता नातू मला त्याच्या बॅटरीच्या गाडीवर घाटातून नेतो. तिला गिअर नाहीत, आवाज नाही, घाट कधी आला आणि गेला कळत नाही. ‘‘आजोबा, हिची चाकं किती हलकी आहेत माहितीये का?’’ तो विचारतो. मी त्याचा खांदा धरून बसतो, आणि ज्या ज्या जागी रेघ होती त्या जागी माझं बोट आपसूक त्याच्या खांद्यावर दाबलं जातं. दुकान अजून मीच सांभाळतो. ओळखीच्या बाईचा हात हातात घेतला आणि माप उतरलेलं दिसलं, की मी स्पष्ट विचारतो, ‘‘बाई, मागच्या खेपेला दोन-सहा घातल्या होत्या. तब्येत दाखवली का कुणाला?’’ काही जणी रागावतात. एकदा एकीच्या नवऱ्यानं दुकानात येऊन तमाशा केला. मी त्यालाही म्हटलं, आधी वजन करून आणा तिचं, मग भांडू.

त्याच वर्षी आखाडात माय गेली. सवाष्ण गेली की हिरवा चुडा भरून पाठवायची रीत, आणि त्यासाठी कासाराला बोलावणं येतं. आमच्या घरी बोलावणार कुणाला? दादाच तिच्याजवळ बसले. मला म्हणाले, ‘‘अडीचच्या काढ, हिरव्या.’’ मी दिल्या. त्यांनी तिचा हात धरून पहिली बांगडी चढवली, आणि ती सरळ कोपरापर्यंत घरंगळत गेली. दादांना दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी तिचं मनगट चाचपलं, एकदा, दोनदा. ‘‘सव्वादोन बग,’’ म्हणाले. मी बाजाराची पेटी उघडली. तळाशी, कागदाखाली, दोऱ्यानं बांधलेल्या हिरव्या बांगड्यांच्या दोन जुड्या होत्या. नव्या नव्हत्या. वापरलेल्या, खाचांत चुना बसलेल्या. एक अडीचची, एक दोन-सहाची. तिच्याच होत्या त्या. हात बारीक होत गेला तशी ती गुपचूप लहान माप चढवत गेली होती, म्हणजे माझ्या कानाशी बांगड्या घसरून वेगळ्या वाजू नयेत. आणि आमच्या घराच्या रीतीप्रमाणं तिनं एकही वाढवली नव्हती. अख्ख्याच काढून ठेवल्या होत्या.

मी दादांना सव्वादोनच्या दिल्या. त्याही सैल झाल्या. दादांनी तो हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, ‘‘दोन-दोन काढ.’’ ते कुवार पोरींचं माप. बाजारात आम्ही ते फार ठेवत नाही. कशीबशी एक जुडी निघाली. कासार बांगडी भरतो तेव्हा पंजा आवळून दाबावा लागतो, बाया ‘आई गं’ म्हणतात, त्याशिवाय बांगडी चढत नाही. दादांना दाबावं लागलं नाही. एकेक करत त्यांनी दोन्ही हात भरले, शेवटची बांगडी अंगठ्यानं सारखी केली, आणि माझ्याकडं तोंड करून, जणू धंद्यातली एखादी गोष्ट शिकवावी तसं म्हणाले, ‘‘लग्नात म्याच भरल्या होत्या हिला. तवा बी हेच माप होतं.’’